टाकलेले नाणे, पडलेले नाणे

कासारखोलच्या बौद्धवाडीत राजाराम गमऱ्यांच्या घरी एक नियम होता: जमिनीवर पडलेल्या पैशासाठी कोणी वाकायचे नाही. पैसा रस्त्यात सापडो की आपल्याच पडवीत, आपला असो की परक्याचा, तो खाली गेला की त्याचा आणि घराचा संबंध संपला. पाहुण्याच्या खिशातून एखादे नाणे घरंगळलेच, तर राजाराम अदबीने म्हणत, "तुमचं काहीतरी पडलंय बघा," आणि लगेच मान वळवून खिडकीबाहेरच्या फणसाकडे पाहू लागत. पाहुणा वाकून, उचलून, पुन्हा नीट बसेपर्यंत ते फणसाकडेच पाहत राहत. वाकणाऱ्या माणसाकडे बघत बसू नये, हे त्या नियमाचे पोटकलम होते. घरातली सगळीच माणसे ते पाळत. पाहुण्यांना वाटे, या घराला आपल्या फणसाचे फार कौतुक आहे.

करुणा ही राजारामांची धाकटी मुलगी. शाळेच्या वाटेवर एकदा तिच्या मुठीतून रुपया सुटला आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवरून टणटणत खाली जाऊन थांबला. तो तिचाच होता, आईने बोरकुटासाठी दिलेला. ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली, पण वाकली नाही. मागून तिची मैत्रीण तेजल आली. तिने तो उचलला, दोघींनी बोरकूट अर्धे अर्धे खाल्ले, आणि करुणाला नियमातून बाहेर पडणारी एक आडवाट सापडली. त्यानंतर काही सुटले की तेजल उचलायची आणि अर्ध्याची धनीण व्हायची. मुंबईच्या छापखान्यात नोकरीला असलेले राजाराम मे महिन्याच्या रजेत घरी आले, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानांवर गेली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आपण वाकायचं नाही म्हणून दुसऱ्याला वाकवायचं, हे तर त्याहून वाईट." आडवाट बंद झाली.

नियमाला कारण होते, आणि ते त्या घरात वर्षातून एकदा तरी सांगितले जाई. राजारामांचे वडील धाकू गमरे गावकीची कामे करत. कोणाच्या घरी माणूस गेले की भर उन्हात डोंगर उतरून गावोगाव सांगावा पोचवायचा, शिमग्यात पालखीपुढे वाजवायचे, मेलेली गुरे ओढून न्यायची. मोबदला मिळे तो खोताच्या ओटीवरून. भात वरून धोतराच्या ओच्यात ओतले जाई. कधी पैसा मिळालाच, तर तो ओटीवरून खाली खळ्यात टाकला जाई. हातात देणे नव्हते. तो उचलण्याचे काम लहानग्या राजारामकडे असे, कारण पोर चपळ असते आणि धाकूचा गुडघा दुखरा होता. पोराला त्यात गंमत वाटे. नाणे कोठे पडणार याचा अंदाज घेऊन ते आधीच पळत सुटे, आणि ओटीवरची माणसे खदखदून हसत.

धाकूने दीक्षा घेतली, त्यानंतरच्या शिमग्याआधी तो पोराला घेऊन खोताच्या खळ्यात गेला आणि "यापुढे गावकीला मी येणार नाही" असे सांगून उभा राहिला. खोताने ऐकून घेतले. मग सवयीने म्हणा की मुद्दाम म्हणा, कनवटीचे एक नाणे काढून त्याने खळ्यात टाकले. राजाराम पळणार, तोच धाकूने त्याचे मनगट धरले. "राजा, नको," एवढेच तो म्हणाला, आणि पोराचे मनगट न सोडता घरी आला. नाणे तिथेच राहिले. कोंबड्या त्याला चोच मारून पाहत आणि पुढे जात. गावातल्या दुसऱ्या कोणाचीही ते उचलायची हिंमत झाली नाही. पुढच्या सारवणात ते शेणाखाली गेले. खोताची माणसे नंतर मुंबईला गेली, ओटी ढासळली, खळ्यात रान माजले. पण ते नाणे अजून तिथेच असेल, असे राजाराम म्हणत. एखाद्या विजयस्तंभाची जागा दाखवावी, त्या सुरात म्हणत.

करुणा रत्नागिरीत शिकली, बी.ए. झाली, आणि कंडक्टरची भरती निघाली तेव्हा तिने अर्ज केला. खाकी गणवेश घालून ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा निवृत्त होऊन गावी परतलेल्या राजारामांनी तिचा बिल्ला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हटले, "आता सगळा तालुका तुझ्या हातात पैसे देईल." 'हातात' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर घरात सगळ्यांना कळला.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नियमाने तिला गाठले. गाडीत पैसे पडतातच. वळणावर पडतात, ब्रेकला पडतात, लग्नाहून परतणाऱ्या बायकांच्या पर्सा उघडताना तर पाऊस पडतो. बायकांना अर्धे तिकीट झाल्यापासून सुट्ट्या नाण्यांची ये-जा वाढली, आणि ती नाणी बाकांखालून गाडीभर फिरून येऊ लागली. करुणा वाकत नसे. हिशेबात कमी पडेल ते स्वतःच्या पाकिटातून घाली. गाडी झाडणाऱ्यांना तिच्या गाडीची पाळी आवडू लागली, आणि सोबतच्या कंडक्टरांनी तिचे नाव 'राणीसाहेब' ठेवून टाकले.

तिचा नेहमीचा ड्रायव्हर रघू हा संगमेश्वराकडचा, थोराड अंगाचा आणि भाविक. दिवसाच्या पहिल्या तिकिटाचे नाणे तो तिच्याकडून मागून घेई, स्टिअरिंगला लावी आणि परत देई. एकदा गाडी सुरू झाली की शेवटच्या थांब्यापर्यंत इंजिन बंद करायचे नाही, हा त्याचा दुसरा नेम. वाटेत चहा प्यायला तरी गाडी घुरघुरत उभी असे.

"मॅडम, माझे दोन नेम आणि तुमचा एक," तो म्हणे. "तीन नेमांवर गाडी चाललीय. डिझेल आपलं उगाच घालतात."

हे हसण्यावारी जात होते, ते चिमाबाईपर्यंत. चिमाबाई देवसड्याची. सकाळच्या गाडीने रिकामी टोपली घेऊन रत्नागिरीच्या बंदरावर जायचे, मासळी भरायची आणि गावोगाव विकायची, हा तिचा आयुष्यभराचा उद्योग. तोंड फाटके, हात सढळ, आणि बटव्याचे बंद कायम सैल. एका सकाळी तिचा पैसा बाकाखाली गेला.

"बाय माजे, तेवढा काढून दे गो," ती म्हणाली. "माजा गुडगा वाकत नाय."

"दुसऱ्या कोणाला तरी सांगा, मावशी," करुणा कशीबशी म्हणाली. पण गाडीत पुढे कोणी नव्हते. चिमाबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिले, मग टोपली बाजूला सारली आणि कण्हत, बाकाचा दांडा धरून, ती स्वतःच खाली बसली. नाणे घेऊन वर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "वाकलीस असतीस तर कंबरडं मोडलं नसतं तुजं," ती म्हणाली. आणि लगेच विसरूनही गेली. करुणा विसरली नाही. म्हातारीचा गुडघा आणि आपल्या आज्याचा गुडघा, दोन्ही एकदम तिच्या डोळ्यांपुढे आले होते.

त्या रविवारी ती कासारखोलला गेली. राजाराम पडवीत सुपारी कातरत बसले होते. तिने घडले ते सांगितले आणि विचारले, "बाबा, आज्याच्या वेळचा पैसा टाकलेला होता. हा म्हातारीचा पडलेला होता. दोन्ही एकच का?"

राजारामांचा अडकित्ता थांबला. "एकच नव्हेत."

"मग?"

"पण खाली गेल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाय. आज पडलेला उचलशील, उद्या टाकलेला उचलशील, नि परवा तुला फरक करता यायचा नाही. म्हणून आपण उचलायचाच नाही." मग आपल्याच मनगटाकडे पाहत ते म्हणाले, "माझ्या बापाने इथे धरलंय मला. ती पकड मी कशी सोडवू?"

करुणा दोन्हीकडून अडकली. बापाचा शब्द मोडावा, तर आज्याने धरलेले मनगट सुटल्यासारखे होते. पाळावा, तर म्हातारी माणसे तिच्यासमोर जमिनीवर बसणार होती. ही एक गाठ मनात घेऊन ती रोज गाडी चालती ठेवत होती.

याच सुमाराला देवसड्याचे आप्पा तिच्या गाडीचे नेहमीचे प्रवासी झाले. आप्पा म्हणजे हापूसची जुनी बाग, पांढराशुभ्र सदरा आणि गोड बोलणे. बागेच्या हद्दीवरून त्यांचा भावकीशी दावा चालला होता, त्यामुळे रत्नागिरीच्या कोर्टात वरचेवर खेप असे. सत्तरीत पोचल्यामुळे अर्धे तिकीट. पैसे नेहमी सुटे, मोजून आणलेले. अशा प्रवाशाला कंडक्टर मनात दुवा देतो. पहिल्या दिवशी त्यांनी ते करुणाच्या तळहातावर नीट ठेवले आणि चौकशी केली, "नवीन दिसता मॅडम. गाव कुठलं आपलं?"

"कासारखोल."

"अरे वा, म्हणजे शेजारचंच की. कोणाच्या घरातल्या?"

"राजाराम गमऱ्यांची मुलगी."

"हं. छान, छान," आप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुसऱ्या खेपेला त्यांचा हात वीतभर वर राहिला. पैसे त्यांनी ठेवले नाहीत, वरून सोडले. करुणाचा तळहात खाली होता, नाणी त्यात पडली, खणखण झाली, तिकीट निघाले. बोलण्यात कोठे खोट नव्हती. "बऱ्या आहात ना?" असे ते नेमाने विचारत. हंगामात त्यांनी रघूच्या हातात आंबे दिले आणि करुणासाठीचे आंबे बाजूच्या बाकावर ठेवून म्हणाले, "हे तुमचे हो, मॅडम." काही बोलायला जावे, तर बोलायला धागा सापडू नये, असे सगळे नीटनेटके. करुणा स्वतःला समजावी, की पैसे आपल्या हातातच पडताहेत, जमिनीवर नव्हे. नियम तर मोडलेला नाही. असे महिनेच्या महिने गेले. वीतभर उंचीवरून पैसे झेलायची तिच्या हाताला सवय झाली.

मग तो बुधवार आला. राजारामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावले होते. कासारखोल हा गाडीचा पहिला थांबा. धुतलेला लेंगा-सदरा घालून ते गाडीत चढले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. पंचाहत्तरी उलटल्यामुळे त्यांना तिकीट नव्हते, तरी त्यांनी आपले कार्ड काढून मुलीपुढे धरले.

"बाबा, राहू द्या."

"राहू द्या कसं? बघा, कंडक्टर. नीट बघा," ते म्हणाले, आणि करुणाने तो चेहरा आणि फोटो गंभीरपणे ताडून पाहिला. रघू आरशातून हसत होता.

देवसड्याला गाडी भरली. चिमाबाई टोपली घेऊन पुढेच बसली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली वेदिका प्रात्यक्षिक परीक्षेला निघाली होती. तिने फोनवरून तिकीट काढले. आप्पांची कोर्टात तारीख होती. ते राजारामांच्या समोरच्या, पलीकडल्या बाकावर बसले. दोघे एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होते. आप्पांनी मान हलवली, राजारामांनी "जयभीम" म्हटले.

करुणा तिकिटे देत आप्पांपाशी आली आणि सवयीने तिने तळहात पुढे केला. आप्पांनी सुटे पैसे काढले, हात वर धरला. त्या क्षणी, काही कारण नसताना, तिची नजर बापाकडे गेली. मोतीबिंदू उतरलेल्या त्या डोळ्यांना रस्त्यावरचा फलक वाचता येत नसेल. पण वर थांबलेला तो हात आणि खाली पसरलेला हा हात त्यांना लख्ख दिसत होते. त्यांनी आपल्या उजव्या हाताने आपले डावे मनगट धरले.

करुणाने मूठ मिटली.

नाणी तिच्या बोटांच्या पेरांवर आपटली आणि गाडीच्या पत्र्यावर सांडली. एक-दोन आप्पांच्या चपलेशी गोल फिरून निजली, एक कोठेतरी लांब गेले.

"अहो, अहो! हात काय मिटता?" आप्पा म्हणाले. "पडले ना पैसे."

"हो, पडले," करुणा म्हणाली. "उचला, आप्पा."

"मी?"

"तुमचे आहेत."

"तिकिटाचे आहेत ते!"

"माझ्या हातात ठेवलेत की तिकिटाचे होतील. अजून तुमचेच आहेत."

गाडीत कोणीतरी हसले आणि गप्प झाले. करुणाने दोरी ओढून एक घंटा दिली. रघूने गाडी वळणाच्या अलीकडे, काजूच्या सावलीत, बाजूला घेतली आणि आरशातून मागे पाहिले.

"काय झालं, मॅडम?"

"एक तिकीट व्हायचंय. ते झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

आप्पांच्या गोऱ्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज गोडच राहिला. "बाई, तुम्ही भलताच अर्थ काढताय. मी सगळ्यांनाच असे वरून देतो. सवय आहे माझी."

"आप्पानु, खोटं कशाला बोलताव?" पुढून चिमाबाईचा आवाज आला. "बांगडं घेताना माजा हात धरून भाव पाडताव, तेवा कुठं जाते ही सवय?"

आता मात्र सगळी गाडी हसली. मागून एकाने सुचवले, "आप्पा, फोनवर स्कॅन करा नि सुटा!"

"त्यांच्या फोनला बटणं हायत रे, बटणं," दुसरा म्हणाला.

वेदिका उठून करुणाजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही रीतसर तक्रार करा. मी साक्ष देते."

"तक्रार नको गं. तिकीट द्यायचंय मला," करुणा म्हणाली. "तुझी परीक्षा कितीला?"

"वेळ आहे," वेदिका म्हणाली. तिचा चेहरा सांगत होता, की फारसा नाही.

आप्पांनी घड्याळ पाहिले. कोर्टात पहिलेच प्रकरण त्यांचे होते. त्यांच्या मागचा एक तरुण गृहस्थ वैतागून उठला. "सोडा हो. मी उचलून देतो. सगळ्यांनाच घाई आहे." तो वाकणार, तोच करुणा म्हणाली, "तुम्ही नका वाकू, दादा. त्यांचे हात धड आहेत." बोलून झाल्यावर तिला बापाचे जुने शब्द आठवले. दुसऱ्याला वाकवून घेणे त्याहून वाईट. ती घाबरली. आपण तेच तर करत नाही ना? आज्याला ज्यांनी वाकवले, त्यांच्याच ओटीवर जाऊन तर आपण उभ्या नाही ना? तिने पुन्हा बापाकडे पाहिले. आज्यासारखे तेही 'नको' म्हणाले असते, तर तिने स्वतःच्या पैशाने आप्पांचे तिकीट फाडले असते आणि उद्यापासून तो वीतभर वरचा हात आयुष्यभर झेलला असता.

राजाराम तिच्याकडे पाहत नव्हते. ते मान वळवून खिडकीबाहेर, काजूच्या झाडाकडे पाहत होते. अगदी शांतपणे, कौतुकाने, घरच्या फणसाकडे पाहावे तसे.

करुणाच्या लक्षात आले. बापाने आप्पांना पाहुण्याचा मान दिला होता. पाहुण्याचे पडले आहे, पाहुणा उचलील, आपण तेवढा वेळ बाहेर पाहायचे. यात कोणाला वाकवणे नव्हते. ज्याचे त्याला उचलू देणे होते.

"मंडळी," ती मोठ्याने म्हणाली, "आप्पांचं काहीतरी पडलंय. आपण सगळ्यांनी जरा बाहेर बघू या."

आधी वेदिकाने मान वळवली. मग चिमाबाई, "काय काजी लागल्येत बघा वो," असे म्हणत खिडकीला नाक लावून बसली. मग एकेक करत सगळी गाडी काजूकडे पाहू लागली. मागच्या बाकावरची, काय चालले आहे हे न कळलेली माणसेही पाहू लागली. आणि तेवढ्यात इंजिनाची घरघर थांबली. रघूने चावी फिरवली होती. इतक्या वर्षांत वाटेत इंजिन बंद न केलेल्या रघूने ते बंद केले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तोही बाहेर पाहू लागला.

त्या शांततेत पाखरे ऐकू येत होती. बराच वेळ बाक करकरले नाही. मग ते करकरले. पांढऱ्या सदऱ्याची सळसळ झाली, कोणीतरी सुस्कारा टाकला, आणि पत्र्यावर नखांचा आवाज आला. सपाट जागेवरचे नाणे चटकन उचलता येत नाही. बोट खाली सरकवावे लागते. गाडीत कोणी हसले नाही. करुणाही त्या बाजूला पाहत नव्हती. काजूच्या एका पिवळ्या बोंडाकडे ती टक लावून होती, आणि ते तिला पुढे कायमचे लक्षात राहिले.

"हं. घ्या," आप्पा म्हणाले.

तिने वळून तळहात पुढे केला. आप्पांचा हात खाली आला, थांबला, आणि आणखी खाली आला. त्यांची बोटे तिच्या तळहाताला टेकली. ती कोरडी होती, म्हाताऱ्या माणसाची असतात तशी. नाणी हातात आली.

"एक कमी आहे," आप्पा आता निराळ्याच, साध्या आवाजात म्हणाले. "शोधलं मी. खरंच दिसत नाही. लांब गेलं वाटतं." आणि ते पुन्हा उठू लागले.

"बसा तुम्ही," करुणा म्हणाली.

ते तिला दिसले होते. राजारामांच्या बाकाखाली, त्यांच्या चपलेच्या टाचेशी ते चमकत होते. आता ते टाकलेले नव्हते. टाकणाऱ्याने आपले सगळे वेचून हातात दिले होते; हे त्याचे हरवले होते, आणि तो ते शोधत होता. खाली पडलेली नाणी सारखीच दिसतात, हे बापाचे म्हणणे खरे होते. पण ती जमिनीवर पोचण्याआधी कोणाच्या हातून कशी सुटली, हे करुणाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेवढे ध्यानात ठेवणाऱ्याला फरक करता येणार होता.

ती बापासमोर गेली. "बाबा, पाय."

राजारामांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिले. तिनेही नजर खाली केली नाही. सगळ्या गाडीने आता माना वळवल्या होत्या आणि सगळे खुशाल आत पाहत होते. राजारामांनी आधी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि झोपाळ्यावर बसलेल्या मुलासारखे दोन्ही पाय अधांतरी धरून ते थांबले.

करुणा वाकली. खाकी गणवेशात, बिल्ला छातीवर असताना, भर गाडीत, गमऱ्यांच्या घरातले एक माणूस तिसऱ्या पिढीत पुन्हा पैशासाठी वाकले; आणि ती वर आली तेव्हा तिची मान खाली जाताना होती त्याहून ताठ होती. तिने नाण्यावरची धूळ बोटाने पुसली, आप्पांपाशी गेली आणि ते त्यांच्या हातात ठेवले.

"हे तुमचं. हरवलं होतं."

आप्पांनी ते क्षणभर पाहिले आणि परत तिच्या हातात ठेवले. यावेळी त्यांचा हात वर थांबला नाही. तिने मशीनमधून तिकीट काढून दिले, दोरी ओढली आणि दोनदा घंटा दिली.

"रघूदादा, चला!"

"चाललो, मॅडम!" रघू ओरडला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. "बघा, बंद केलं तरी चालू होतं की. उगाच इतकी वर्षं घाबरत होतो."

पावस गावाच्या पुढे सरळ रस्ता लागला, तशी त्याने गाडी अशी हाणली, की वेदिका वेळेत पोचणार हे तिच्या आधी बाकीच्यांना कळले. वाटेत चढलेल्या ज्या ज्या माणसाने त्या दिवशी पैसे दिले, त्याने ते करुणाच्या तळहातावर दाबून ठेवले. काय घडले ते ठाऊक नसलेल्यांनीही, पुढच्याने ठेवले म्हणून, तसेच ठेवले. स्टँडवर उतरताना आप्पांनी राजारामांसाठी वाट सोडली. "तुम्ही आधी," ते म्हणाले. राजाराम म्हणाले, "तुमची तारीख आहे, तुम्ही जा." आप्पा गेले, पण दारात थांबून करुणाला म्हणाले, "येतो, मॅडम. संध्याकाळच्या गाडीला आहात ना तुम्हीच?"

"आहे की."

"बरं," ते म्हणाले, आणि छत्री सावरत कोर्टाच्या दिशेने चालू लागले.

मग चिमाबाई टोपली डोक्यावर घेऊन उतरली. तिच्या बटव्याचा बंद नेहमीसारखाच सैल होता. शेवटच्या पायरीवर तिला हिसका बसला, एक नाणे निसटले आणि स्टँडच्या फरशीवर गिरक्या घेत राहिले. तिच्या मागोमाग राजाराम उतरले होते. नाणे त्यांच्यापुढे येऊन आडवे झाले.

करुणा दारात उभी होती. ती खाली उतरली नाही. तिने फक्त दाराचा दांडा घट्ट धरला.

राजारामांनी नाण्याकडे पाहिले. मग ते वाकले. मुंबईच्या गर्दीत, बाजारात, स्वतःच्या अंगणातही जे कधी वाकले नव्हते, ते शहात्तरीत, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश वाकले. पहिल्या खेपेला बोट घसरले, लहानपणची सवय मोडली होती. दुसऱ्या खेपेला नाणे आले. ते घेऊन ते चिमाबाईच्या मागे निघाले.

"ओ बाई! थांबा. तुमचा पैसा पडला."

चिमाबाईने टोपलीखालून वळून पाहिले. "ऱ्हाऊ द्या वो तुमालाच. चाय प्या."

"नाही," राजाराम म्हणाले, आणि त्यांचा आवाज साऱ्या स्टँडला ऐकू गेला. "पैसा तुमचा आहे. हात पुढे करा."

चिमाबाईने हात पुढे केला. त्यांनी नाणे तिच्या तळहातावर ठेवले, तिची बोटे मिटवली, आणि मग मागे वळून, दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे पाहून, मोकळा झालेला हात वर केला.